बाहेर गेलेत

त्या गावात कुठल्याही घराला रिकामं म्हणायचं नाही, असा दंडक होता. म्हणायचंच झालं तर ‘बाहेर गेलेत’ म्हणायचं. काचेचा कारखाना बंद पडला, माणसं पोटामागे गेली, त्यात त्यांचा काय दोष? पण घराच्या तोंडावर तसं बोलायचं नाही. दाराशी गेलं की आधी हाक मारायची, “आहात का?” मग कुलूप काढायचं. निघताना “येते हं” म्हणायचं. चुकून कोणी ‘ते रिकामं घर’ म्हणालाच, तर म्हातारी माणसं अशी काही बघायची की पुढचं वाक्य गिळावं लागे.

हे खूळ निघालं कुठून, तर वरून. वरून म्हणजे देवाकडून नव्हे, राजधानीकडून. तिकडे मोठी सुधारणा झाली. कर कमी केले, सोपे केले, ते बरंच झालं. पण मिळकत कमी झाली की खर्चाला कात्री लागते, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. जुन्या मदती बंद झाल्या आणि ठरलं, की जिथे माणसं राहतात तिथेच पैसा. राहतात हे ओळखायचं कसं? पाण्यावरून. कागदावर मेलेली माणसंही जिवंत असतात, पण मेलेला माणूस काही नळ सोडत नाही. ज्या घरात पाणी खर्च होतं ते घर नांदतं, बाकीची बाद.

मग गावाने घरं वाटून घेतली. नगराध्यक्ष म्हणजे गावचा न्हावी. त्याच्याच दुकानात, एकाच्या गालाला साबण लावलेला असताना, हा ठराव झाला. प्रत्येकाने आपलं सांभाळून आजूबाजूची दोन-तीन घरं ‘जागी ठेवायची’. नळ सोडायचा, पडदा सरकवायचा, दिवा लावायचा, खुर्ची इकडची तिकडे करायची. पण चांगलं पाणी नुसतं गटारात सोडायला कोणाचा जीव धजेना. काटकसरी माणसं ती! मग कपडे तिथेच धुवायचे, आंघोळी तिथेच करायच्या, भांडी तिथेच घासायची. पुढे पुढे चहासुद्धा तिकडेच व्हायला लागला आणि स्वतःच्या घरी माणसं फक्त झोपायला येऊ लागली. असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

मीटरकाकू या सगळ्यात पुढे. त्यांचं कामच मुळी घरोघरची पाण्याची मीटरं वाचायचं. आपण खोटं करतोय, असं त्यांना कधी वाटलं नाही. मीटर खोटं बोलत नव्हतं, पाणी खरंच वाहत होतं. आणि वाटलं असतं तरी त्यांनी ते बाजूला सारलं असतं, कारण गावच्या दवाखान्यात डायलिसिसची दोन मशीनं होती आणि त्यातल्या एकावर त्यांच्या नवऱ्याचा जीव अडकला होता. आठवड्यातून तीनदा त्याला तिथे बसावं लागे. मशीन गेलं की नवरा गेला, इतकं सरळ होतं ते.

नवऱ्याला सगळे पंक्चरकाका म्हणत. जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. नर्सबाई सुई घेऊन आली की हा हात पुढे करून म्हणायचा, “आयुष्यभर लोकांची पंक्चरं काढली, आता तुम्ही माझ्यात पाडा.” नर्सबाई प्रत्येक वेळी नव्याने हसायची. बोलण्यात कधी हार जायचा नाही. काकू कामावरून आल्या आणि सवयीने दारातून “आहात का?” म्हणाल्या, की आतून ठरलेलं उत्तर यायचं, “नाही, बाहेर गेलोय!”

“जळ्ळी मेली चेष्टा,” काकू म्हणायच्या, आणि मनातून गार व्हायच्या.

काकूंकडे तीन घरं होती. एक शिवणवालीचं, एक दोघा जुळ्या भावांचं आणि एक गवंड्याचं. गेल्या पावसाळ्यानंतर कधीतरी शिवणवालीच्या न्हाणीत त्यांना टॉवेल ओला लागला. दोन दिवस त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. आली असेल एखादी शेजारीण, म्हणून सोडून दिलं. मग जुळ्यांच्या टेबलावर एक कप दिसला, तळाशी चहा, आणि कप कोमट. मीटर पाहिलं तर काटा पुढे गेलेला. काकूंनी तरीही रीत सोडली नाही. “आहात का?” म्हणाल्या. माडीवर कोणीतरी खुर्ची मागे सरकवली.

“येते हं,” काकू म्हणाल्या आणि नळ न सोडताच बाहेर पडल्या. सोडायची गरजच नव्हती.

घरी येऊन सांगितलं, तर पंक्चरकाका म्हणाले, “बरं झालं की! तुझे कष्ट वाचले.” न्हाव्याला विचारलं, तर तो वस्तरा परजत खाली मान घालून म्हणाला, “घरांना सवय लागलीये, काकू. लागलेल्या सवयीला हटकायचं नाही. आमच्याकडेही तसंच आहे.” म्हणजे सगळ्यांकडेच तसं होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आळीमिळी गुपचिळी.

मग एका दुपारी विभागाचा साहेब आला.

विभाग म्हणजे राजधानी आणि गाव यांच्या मधलं कार्यालय. साहेब तरुण नव्हे, म्हातारा नव्हे, बुटांना चिखल लागलेला साधा माणूस. न्हाव्याच्या दुकानात बाकड्यावर बसला, चहा नको म्हणाला, आणि शांतपणे बोलला, “अभिनंदन. तुमचं गाव वाढतंय. पाण्याचा खप वर्षभर चढाच आहे. म्हणून ती दोन मशीनं आम्ही दुसऱ्या गावाला हलवतोय.”

काकू दारात उभ्या होत्या. “मशीनं? अहो, वाढतंय म्हणता आणि मशीनं नेता? गाव नांदतं दिसलं की पैसा मिळतो ना?”

“तो केंद्राचा पैसा. रस्ते, शाळा, दिवे. मशीनं केंद्राची नव्हेतच, ती विभागाची आहेत.” साहेबाने चष्मा पुसला. “असं बघा बाई, राजधानीने सगळ्या देशाला एकच माप लावलं. त्यांना तसंच करावं लागतं, गावागणिक कायदा कसा करणार? पण एका मापाचा अंगरखा सगळ्यांना कसा बसेल? कुठे तोकडा पडतो. तिथे ठिगळ लावायला विभाग आहे. जी गावं ओसरताहेत, जिथे नव्या व्यवस्थेचा चटका जास्त बसतो, तिथे आमचं काम. दवाखाना टिकवायचा, गाडी सोडायची, कमी पडेल तेवढं भरायचं. भरल्या गावात आम्ही कशाला राहू? भरलं गाव स्वतःचं बघेल, असं धरलेलं आहे.”

म्हणजे गावाने इतकी वर्षं जो सोंगाचा डोलारा उभा केला, त्यानेच स्वतःचा गळा आवळला होता. ज्याच्यापासून लपायचं त्याच्यापासून लपले, आणि जो मदतीला येणार होता त्यालाही दिसेनासे झाले.

“साहेब,” काकू एकदम म्हणाल्या, “ते सगळं नाटक आहे.”

“काकू!” न्हावी ओरडला.

“गप्प बस रे! तुझं माणूस बसतं का त्या मशीनवर?” काकूंचा आवाज चिरकला. “साहेब, निम्म्याहून जास्त घरांत कोणी नाही. आम्हीच नळ सोडतो. मीच मीटर वाचते, मला विचारा.”

साहेब रागावला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर जरा माया आली. “मला शंका होतीच,” तो म्हणाला. “पण नुसत्या शब्दावर चालत नाही. मला एक घर दाखवा. एकच. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विभाग मीटर बाजूला ठेवून सगळ्या गावाची नव्याने पाहणी करू शकतो, तेवढा अधिकार आहे. केंद्राचं थोडं कमी होईल, ते आम्ही भरून काढू. पण घर खरंच रिकामं पाहिजे.”

तो शब्द ऐकून बाकड्यावरचा म्हातारा उठून निघून गेला.

काकूंनी साहेबाला आधी शिवणवालीकडे नेलं. दाराशी त्या सवयीने बोलून गेल्या, “आहात का?”

“रिकामं म्हणता आणि हाका मारता?” साहेब हसला.

आत शिलाई मशीनच्या सुईखाली निळं कापड होतं, अर्धं शिवलेलं. चाक अजून फिरत होतं, हळूहळू, कोणी नुकताच पाय काढून घ्यावा तसं. ते कापड काकूंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“बाहेर गेल्यात वाटतं,” साहेब सहज म्हणाला.

जुळ्यांच्या घरी टेबलावर दोन कप होते, दोन्हींतून वाफ येत होती आणि बशीत उष्टा पावाचा तुकडा होता. साहेबाने काकूंकडे पाहिलं. गवंड्याच्या घरी न्हाणीचं दार लावलेलं होतं. आत बादलीत पाणी पडत होतं आणि कोणीतरी जाड्या आवाजात गुणगुणत होतं. साहेब घाईघाईने मागे फिरला. “अहो बाई, माणूस आंघोळ करतोय आत! काय हे!”

गवंडी दूरच्या गावी वारल्याचा निरोप गेल्या वर्षीच आला होता. काकूंनीच तो वाटला होता. पण हे त्या साहेबाला कोणत्या तोंडाने सांगणार?

“तुमची अडचण मला कळते,” साहेब गल्लीत येऊन म्हणाला. “घरात आजारी माणूस असणार. पण माझे हात बांधलेले आहेत. दिसतं ते असं आहे.”

तो परत निघाला. काकू त्याच्यामागे चालत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. कोपऱ्यावर साहेब थबकला. भिंतीतल्या एका मीटरवर वाकला, काच बोटाने साफ केली.

“हे कोणाचं? याचा काटा हललेलाच दिसत नाही.”

ते त्यांचंच घर होतं. हलणार कसा? कपडे शिवणवालीकडे, आंघोळ गवंड्याकडे, चहा जुळ्यांकडे. डॉक्टरांनी पंक्चरकाकांना पाणीही घोटभरच ठरवून दिलेलं. इतकी घरं जागी ठेवता ठेवता स्वतःचं कधी निजलं, ते त्यांना कळलंच नव्हतं. आत रेडिओ लागला होता, पंक्चरकाका खिडकीशी आपल्या खुर्चीत बसून ऐकत होते. साहेबाच्या कानावर गेला असेल का?

“कोण राहतं इथे?” साहेबाने विचारलं.

काकूंनी डोळे मिटले. गावाची रीत त्यांना आठवली नाही असं नाही. पण रीत डोळ्यांसमोर एका बाजूला, आणि मशीन दुसऱ्या बाजूला.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “रिकामं आहे.”

आतला रेडिओ बंद झाला.

साहेबाने दार ढकललं. काकू मागोमाग आत गेल्या, कान कोंडल्यासारखे झाले होते. पंक्चरकाका खुर्चीतच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकूंकडे बघून त्यांनी डोळा मारला आणि ओठांवर बोट ठेवलं, लपाछपी खेळणाऱ्या पोरासारखं. साहेबाने खोलीभर नजर फिरवली. खुर्चीपाशी आला, पंक्चरकाकांच्या कोपराला लागूनच खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ पाहिली. चांगली जाड धूळ. काकूंनी सकाळीच ती खुर्ची पुसली होती.

“बरेच दिवस झालेले दिसतात,” साहेब म्हणाला. “झालं तर मग. एक घर पुरे. मशीनं कुठे जात नाहीत.”

तो गेल्यावर काकूंनी नवऱ्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं. पंक्चरकाका म्हणाले, “काय भला माणूस! समोर ढळढळीत बसलोय आणि न दिसल्याचं सोंग केलं. देवमाणूस गं.” काकूंनाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार?

तिन्हीसांजेला थोरली जाऊ आली. बातमी गावभर झाली होती. “वाचवलंस बाई गावाला,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता खिडकीशी जाऊन खुर्चीत बसली. पंक्चरकाका धडपडत उठले म्हणून बरं. “अहो वहिनी, माणूस बसलाय इथे!” ते म्हणाले. जावेने मान वळवली नाही. पदराने वारा घेत तिने काकूंना विचारलं, “आणि भाऊजी कुठे दिसत नाहीत? बाहेर गेलेत का?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंक्चरकाका हसत होते. त्यांना वाटलं, सगळं गाव मिळून त्यांची थट्टा करतंय.

ती गेल्यावर काकूंनी घरातले सगळे नळ सोडले. भांडी घासली, धुतलेले कपडे पुन्हा धुतले, फरशीवर पाण्याचे लोट काढले. मग बाहेर जाऊन मीटर पाहिलं. आत नळ धो धो वाहत होता आणि काटा जागच्या जागी होता.

सकाळी दवाखान्याचा दिवस होता. पंक्चरकाकांचे पाय सुजले होते, धाप लागत होती. रस्त्यात दूधवाला भेटला, “काय मीटरकाकू, एकट्याच?” म्हणाला. काकू पुढे चालत राहिल्या, नवऱ्याचा दंड घट्ट धरून. तो दंड हाताला गार लागत होता.

दवाखान्यात दोन्ही मशीनं जागेवर होती. पंक्चरकाका आपल्या खुर्चीत बसले, बाही वर केली. नर्सबाई सुई घेऊन आली आणि इकडेतिकडे बघू लागली.

“काकू, काका कुठेत? उशीर करून चालायचं नाही त्यांना.”

“हे काय, बसलेत की!”

नर्सबाईने खुर्चीकडे पाहिलं, मग काकूंकडे. ती गावचीच पोर, दोन घरं तीही जागी ठेवत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला. “काकू,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या घराला कोणी म्हटलं का तसं? तोंडाने?”

“मी म्हटलं,” काकू म्हणाल्या. “मीच गं मेलीने म्हटलं. या मशीनसाठीच म्हटलं. आता मशीन आहे आणि...” त्यांनी तोंडात पदर कोंबला.

नर्सबाईने त्यांना दोष दिला नाही. सुई ट्रेमध्ये ठेवली, आणि बंद दारासमोर उभं राहावं तशी ती त्या खुर्चीसमोर नीट उभी राहिली. मोठ्याने हाक मारली, “काका, आहात का?”

आणि तो माणूस! जन्माची सवय. “नाही, बाहेर गेलोय!” म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

नर्सबाई हसली नाही. ती अजून उत्तराची वाट बघत होती.

“अहो, चेष्टा नको!” काकू किंचाळल्या. “पाया पडते तुमच्या, आहे म्हणा! नुसतं आहे म्हणा!”

पंक्चरकाकांचं हसू मावळलं. त्यांनी नर्सबाईच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे त्यांच्यातून आरपार मागच्या भिंतीकडे लागले होते. तेव्हा कुठे त्या माणसाला कळलं. इतक्या वर्षांच्या आजारात काकूंनी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या क्षणी पाहिलं.

“आहे,” ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. “मी आहे गं. इथेच आहे.”

नर्सबाईने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मग काकूंनी दाखवलं तिथे तिने हात पुढे केला, हवेत चाचपडला, आणि तो हात कशाभोवती तरी मिटला. “गार आहेत,” ती म्हणाली. “पण आहेत.” तिने चाचपून शीर शोधली आणि सुई घातली. नळी बराच वेळ नुसती पारदर्शक राहिली. काकू श्वास धरून बघत होत्या. मग तिच्यात लाल धागा उतरला आणि हळूहळू पुढे सरकला.

आता त्या गोष्टीला बरेच दिवस झाले. विभागाची माणसं आली, गाव पाहून गेली, शब्दाला जागली. दवाखाना आहे, मशीनं आहेत, शेजारच्या वाड्यांवरचे रोगीसुद्धा येतात. काकूंचं नाव निघालं की लोक हात जोडतात. घरं जागी ठेवायचं काम आता कोणी करत नाही. तरी शिवणवालीकडचं चाक फिरताना ऐकू येतं म्हणतात. फक्त काकूंच्या घराचा काटा हलत नाही, आणि गल्लीतून जाणारं माणूस त्या घराकडे न बघता पुढे जातं. म्हणून काकूंनी नोकरी सोडली. हाक मारणारं कोणीतरी सतत जवळ हवं ना! सकाळी डोळे उघडायच्या आधी, स्वयंपाक करताना, रात्री कूस बदलताना त्या विचारतात, “अहो, आहात का?”

पंक्चरकाका आता चेष्टा करत नाहीत. “आहे,” म्हणतात. फक्त उत्तर यायला हल्ली जरा वेळ लागतो.